पासंग

खिरेकाकांचा फोन सकाळी आठला.
“यासीन, यंत्रात कुणीतरी राहायला आलंय.”

लोकमान्यनगर, तळमजला.
मॉनिटरवर क्रोशाचं झाकण, शेजारी चुन्याची डबी.
काकांनी नेटवरून फुकटचं पंचांग उतरवून घेतलेलं,
तिथी-नक्षत्रांबरोबर आणखी सात जण आत शिरले.
एक रिंगटोन विकत होता,
एक लॉटरी लागल्याचं ओरडत होता,
बाकीचे गप्प. गप्प असतात तेच वाईट,
तुमचं बोट कुठल्या अक्षरावर पडलं
ते कुठेतरी कळवत बसतात.

“औषध आहे,” मी म्हणालो, “तेही फुकट.
ज्यांनी विंडोज बनवली त्यांचंच.”
काका हसले नाहीत.
फुकट हा शब्द त्यांनी तीस वर्षं
भुसार बाजारात उपडा करून पाहिलेला.

बटण दाबलं, तर औषधाआधी प्रश्न:
तुमची प्रत अस्सल आहे का?
तपासू द्या.

“तपासणार म्हणजे काय काय बघणार?”
मला माहीत होतं तेवढं सांगितलं,
डिस्कचा नंबर, यंत्राचा नंबर, भाषा, देश.
“आणि उरलेलं?”
उरलेलं करारात होतं.
करार इंग्रजीत, लांबलचक,
आणि तळाशी ‘मान्य’ची एवढीशी चौकट.

“मीही तपासायचो रे,” काका म्हणाले.
(वैधमापनचे निरीक्षक. भवानी पेठेत
त्यांची सायकल दिसली की तागड्या सरळ व्हायच्या.)
“किलोचं वजन उपडं करायचं,
पोटात शिसं असतं, त्यावर सालाचा शिक्का.
पण दुकानदारासमोर. ओट्यावर. उजेडात.
त्याचा गल्ला नाही उघडला कधी.
आणि आधी माझं वजन दाखवायचो,
मखमलीच्या पेटीतलं, त्यालाही दाखला असायचा.
याचं वजन कुणी तपासलंय?”

मी माउसची वायर सरळ करत राहिलो.
पुढचा प्रश्न कुणाकडे वळणार
ते मला कळलं होतं.

यंत्र मीच जोडलेलं, तापकीर गल्लीत,
सोळा हजार पाचशे, टेबल सोडून.
विंडोज ‘टाकून दिलेली’.
सीडीवर काळ्या मार्करने पंचवीस अक्षरं.
तीच पंचवीस अक्षरं धनकवडीत तीन घरी,
बिबवेवाडीच्या टायपिंग क्लासात,
माझ्या बहिणीच्या शिवणाच्या दुकानात.
पाठ होती मला, कलम्याइतकी नाही,
पण आईच्या फोन नंबरापेक्षा जास्त.

“दाब.”
“नको काका, दुसरं एक औषध आहे, ते काही विचारत नाही…”
“दाब. घाबरतोस कशाला, वजन उपडं कर,
हे मी किती जणांना सुनावलंय.”

हिरवी पट्टी सरकली, थांबली, सरकली.
निकाल इंग्रजीत. मी मराठीत वाचून दाखवला:
आपण कदाचित फसवणुकीला बळी पडला आहात.
‘कदाचित’सुद्धा गाळलं नाही.

काका माझ्याकडे बघत राहिले.
रागाने नाही. काट्याकडे बघावं तसं,
हलायचा थांबेपर्यंत.
“शिसं नव्हतंच?”
“नव्हतं.”
“आणि हे त्याला आता माहीत झालं. माझ्या घराचं.”
“हो.”

उठले, फोनची तार भिंतीतून उपटली.
मोडेमचे दिवे एकामागून एक गेले.
आतले सात आतच राहिले,
कळवायला दार नसलेले,
आणि पडद्यावर अजून तो प्रश्न,
उत्तर घेऊन जाणारा कुणी नाही.

चहा झाला. साखर कमी, पण चहा झाला.
अस्सलची किंमत विचारली त्यांनी,
ऐकून चुन्याची डबी दोनदा उघडली, मिटली.
“पेन्शनच्या तारखेनंतर ये.”

मग माझे दीडशे रुपये मोजून ठेवले
आणि पावती मागितली.
आयुष्यात कुणी मागितली नव्हती.
कॅलेंडरचा मागचा महिना फाडून लिहिली:
भेट फी, तारीख, रक्कम अक्षरी.
त्यांनी चष्मा वर करून तपासली.
सही होती.
खाली शिक्का लागतो म्हणाले.
तो माझ्याकडे नव्हता.